कॅमेरा सुरू होण्याआधी

विद्यार्थ्यांचे म्युझिक व्हिडिओ बहुतेक वेळा एकाच जागी कच्चे राहतात. कॅमेरा बरा असतो, हौस दांडगी असते, मित्रमैत्रिणी उन्हातान्हात राबायला तयार असतात. पण शूटिंगच्या सकाळी सगळे जमले की पहिला प्रश्न येतो, "आता काय घ्यायचं?" मग कुणी गच्चीवरून चालत येतं, कुणी भिंतीला टेकून दूर बघतं, आणि गाणं एकीकडे नि चित्र दुसरीकडे अशी गत होते. या प्रकरणात आपण त्या सकाळच्या आधीचे दिवस पाहणार आहोत. चांगली कल्पना सुचण्याची वाट पाहू नये. ती गाण्याच्या आणि गावाच्या अभ्यासातून हाती लागते, आणि नियोजन केलं तर ती शूटिंगच्या धावपळीतही टिकून राहते.

यासाठी एक नमुना घेऊ. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला असलेल्या पडेगावातल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. जवळ एक कॅमेरा, दोन मोबाईल आणि एक ट्रायपॉड आहे. शहरातून छावणी ओलांडून वेरूळकडे जाणारा रस्ता पडेगावातूनच जातो. पुढे मिटमिटा लागतं, मग शरणापूर, मग दौलताबादचा किल्ला. हा दहाएक किलोमीटरचा पट्टा म्हणजे या मुलांचा स्टुडिओ.

गाणं कोणतं आणि कोणाचं?

सिनेमात आधी गोष्ट ठरते. म्युझिक व्हिडिओत आधी गाणं ठरतं, आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्या मापानं कापावी लागते. म्हणून गाण्याची निवड घाईनं करू नये. दोन कसोट्या पुरेत: हे गाणं या जागेवर दाखवण्यासारखं आहे का, आणि ते वापरायचा हक्क आपल्याला आहे का?

दुसरी कसोटी आधी समजून घेऊ, कारण तिथंच बरेच जण अडकतात. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार गीताचे शब्द आणि संगीत यांवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. हिशेब करून पाहा. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लावण्या २००५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झाल्या. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवर २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची गीतं घ्यायची तर २०६४ पर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची परवानगी लागणार.

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, हेही पक्कं ध्यानात ठेवावं. 'विंचू चावला' हे भारूड संत एकनाथांचं, म्हणजे शब्द खुले. पण शाहीर साबळे यांच्या आवाजातलं जे ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचलं, ते उचलून आपल्या चित्राखाली लावता येत नाही. ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचं स्वतःचं संरक्षण असतं. पाच वर्षं जुन्या गाण्याची 'कव्हर' आवृत्ती काढण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं दिली आहे, पण ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे आणि तीही सूचना व मोबदला देऊन. गाण्याला चित्र जोडायचं तर वेगळी परवानगी लागते. कॉलेजात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे गाणं सादर करायला कायदा सवलत देतो. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की ती सवलत संपते.

शब्द नेमके कोणाचे, याचीही खातरजमा हवी. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातलं 'आधी बीज एकले' हे गीत कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटतं. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी लिहिलं. 'संतरचना आहे, म्हणजे खुलीच' असं समजून कोणी ते वापरलं, तर विसाव्या शतकातल्या एका कवीचा हक्क डावलला जाईल. म्हणून रचना छापील गाथेत सापडते का, हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये.

आपल्या पडेगावच्या गटानं एकनाथांचंच, पण दुसरं भारूड निवडलं: 'एडका'. शब्द चारशे वर्षांहून जुने. चाल मुलांनी स्वतः बांधली, म्हणजे संगीताचा हक्क त्यांच्याकडे. चाल कोणाची, गायलं कोणी, वाजवलं कोणी, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला आणि पुढं पैसे मिळाले तर वाटणी कशी, हे त्यांनी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मैत्रीत असे कागद कशाला, असं वाटतं. मैत्री टिकावी यासाठीच ते करायचे.

शब्दांच्या आत काय आहे

आता संशोधनाचा खरा भाग. एडका म्हणजे मेंढा. भारुडात तो मदनाचं, म्हणजे कामवासनेचं रूपक आहे. हा एडका धडका मारत सुटतो. शंकर, इंद्र, नारद, रावण, कोणीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. शेवटी शुकमुनी त्याला आवरतात, आणि तो जनार्दनांच्या चरणी बांधला जातो. हे जनार्दन म्हणजे एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी. एकनाथ स्वतःची नाममुद्राच 'एका जनार्दनी' अशी गुरूच्या नावासकट लावतात.

इथं अनेक गट लगेच म्हणतील, "एडका म्हणजे आजचा मोबाईल!" ही कल्पना वाईट नाही, पण ती पहिली आहे, आणि पहिली कल्पना सगळ्यांना सुचते. ती वहीत लिहून बाजूला ठेवावी आणि वाचत राहावं. भारूड हा प्रकार एकनाथांनी कसा घडवला ते पाहावं. त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटी, मुका, बहिरा अशी गावात रोज दिसणारी माणसं आणि सोंगं घेतली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितलं. भारूड नुसतं म्हणत नाहीत, सोंग घेऊन करतात. म्हणजे आज म्युझिक व्हिडिओ जे करू पाहतो, गाणं दिसेल असं करायचं, ते भारूड फार पूर्वीपासून करत आलं आहे. ज्या मुलांना हे कळलं, त्यांना परदेशी व्हिडिओची नक्कल करण्याची गरज उरत नाही.

पुस्तकांपुढचं संशोधन माणसांकडे असतं. मराठवाड्यात भारुडाची परंपरा जिवंत आहे. सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे निरंजन भाकरे आपल्या 'बुरगुंडा' या भारुडासाठी महाराष्ट्रभर ओळखले जात. २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांची भारुडं ध्वनिचित्रफितींत पाहता येतात. आपल्या भागातल्या एखाद्या भजनी मंडळात किंवा सप्ताहात भारूड करणारा कलावंत नक्की सापडतो. त्याच्याकडे जाताना प्रश्न नेमके न्यावेत: सोंग बदलताना प्रेक्षकाकडे पाठ करता का? धडक दाखवताना पाय कसे पडतात? टाळकरी कुठं उभे राहतात? "भारुडाबद्दल काहीतरी सांगा" असं विचारलं की उत्तरही तसंच मोघम मिळतं. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी विचारावी, आणि काम संपल्यावर श्रेयनामावलीत त्या कलावंताचं नाव द्यावं.

गावात काय सापडतं

मग नकाशा उघडावा. पडेगावात राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. ज्या गावात मेंढ्या पाळल्या जातात, त्याच गावातल्या मुलांनी एडक्याचं भारूड निवडलं आहे. तिथून निघणारा रस्ता जिथं जातो, त्या देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, निजामशाहीच्या काळात जनार्दनस्वामी किल्लेदार होते, अशी परंपरा सांगते. पैठणचे एकनाथ लहान वयात गुरूच्या शोधात इथंच आले. म्हणजे भारुडाच्या शेवटी एडका ज्यांच्या चरणी बांधला जातो, त्यांचं ठिकाण या मुलांच्या घरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. व्हिडिओची गोष्ट इथं मिळाली: सुटलेला एडका पडेगावातून निघतो, रस्ताभर धडका देत जातो आणि गडाशी येऊन थांबतो. ही गोष्ट मुलांनी कल्पनेनं रचलेली नाही. गाथेतला शेवट आणि गावचा रस्ता शेजारी ठेवल्यावर ती समोर आली.

किल्ल्यावर आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या एका बुरुजावरच्या मोठ्या तोफेचा मागचा भाग मेंढ्याच्या तोंडासारखा घडवला आहे, आणि लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. एडक्याच्या भारुडाला याहून चांगलं दृश्य कुठलं मिळणार? पण इथंच अभ्यास उपयोगी पडतो. तोफेवर औरंगजेबाचं नाव कोरलेलं आहे. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा, एकनाथांनी समाधी घेतली १५९९ मध्ये. म्हणजे एकनाथांच्या वेषातला मुलगा या तोफेकडे बघतोय असा शॉट घेतला तर तो चुकीचा ठरेल. तीच तोफ आजच्या काळातल्या मुलीनं पाहिली तर मात्र काही बिघडत नाही. म्हणून गटानं ठरवलं, एकनाथांचं पात्र दाखवायचंच नाही. सगळी गोष्ट आजची ठेवायची.

मेंढा खरा की सोंगाचा?

कळपातला खरा मेंढा पळवत न्यावा, असा मोह होणारच. पण प्राण्याकडून अभिनय करून घ्यायचा असेल तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि परवानगीची प्रक्रिया आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रहदारीच्या रस्त्यावर घाबरलेला मेंढा जिवाला मुकू शकतो. भारुडाच्या अभ्यासानं याचं उत्तर आधीच दिलेलं असतं: सोंग घ्या. खांद्यावर घोंगडी आणि डोक्यावर शिंगांचा मुखवटा घेतलेला माणूस हाच एडका.

मुखवट्यासाठी लांब जायला नको. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधलं कागजीपुरा हे हातकागदाचं जुनं गाव. तिथला जाड कागद पाण्यात भिजवून, खळ घालून साच्यावर थर देता येतात. शिंगांना आतून बारीक तारेचा आधार द्यावा. नाकाजवळ आणि तोंडाजवळ मोकळी जागा ठेवावी, कारण गाणारा माणूस आत श्वास घेणार आहे. मुखवटा दोन दिवस आधी घालून संपूर्ण गाणं नाचून पाहावं. घोंगडी काळी असेल तर एक अडचण येते: भर उन्हात काळ्या लोकरीचा पोत कॅमेऱ्यात दिसत नाही, नुसता काळा डाग दिसतो. राखाडी किंवा पट्टे असलेली घोंगडी घ्यावी, किंवा ती दृश्यं सकाळच्या कोवळ्या उन्हात घ्यावीत.

आवर्तनांचा हिशेब

आता गाण्याचं माप काढू. चाल केरव्यात आहे, आठ मात्रांची. लय मिनिटाला १२० मात्रा. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन चार सेकंदांचं. चार मिनिटांच्या गाण्यात बरोबर ६० आवर्तनं बसतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका आवर्तनाला १०० फ्रेम होतात.

वहीत ६० ओळी आखाव्यात आणि प्रत्येक ओळीपुढं लिहावं, या आवर्तनात काय दिसतं. सुरुवातीचं वाद्यसंगीत ४ आवर्तनं, ध्रुपद ६, पहिलं कडवं १०, पुन्हा ध्रुपद ४, मधलं वाद्यसंगीत ४, दुसरं कडवं १०, ध्रुपद ४, शेवटचं कडवं १२, ध्रुपद ४ आणि समाप्ती २. अशी ६० भरली. या तक्त्यात लगेच दिसतं की गडावर पोचण्याला १२ आवर्तनं, म्हणजे ४८ सेकंद आहेत. त्यात चार-पाच शॉट पुरतात. पंचवीस कोंबले तर थांबल्याचा भावच येणार नाही. उलट धडकांची कडवी वेगानं कापलेली हवीत, कधी अर्ध्या आवर्तनाला एक शॉट. कुठली धडक नेमक्या समेवर पडायची, तेही इथंच ठरतं.

एक तांत्रिक गोष्ट इथंच लिहून ठेवावी. कुठं संथ गती हवी आणि तरी ओठ गाण्याशी जुळायला हवेत, तर ते दृश्य सेकंदाला ५० फ्रेमनं घ्यायचं आणि त्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. नंतर ते २५ फ्रेमनं चालवलं की हालचाल निम्म्या वेगाची होते, पण ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. यासाठी दुप्पट वेगाची ध्वनिफीत आधीच तयार करून मोबाईलमध्ये ठेवावी लागते, आणि गायकाला त्या वेगात म्हणण्याचा सराव लागतो. जागेवर पोचल्यावर हे सुचलं तर काही उपयोग नाही.

रेकी: जागा पुन्हा पुन्हा पाहणं

जागा नकाशात सापडली तरी ज्या वेळी शूटिंग करायचं त्याच वेळी तिथं जाऊन उभं राहावं लागतं. पडेगावपासून किल्ला वायव्येकडे आहे. म्हणून सकाळी पूर्वेचं ऊन डोंगराच्या आपल्या बाजूवर पडतं आणि कडे, तटबंदी ठळक दिसतात. संध्याकाळी ऊन पलीकडच्या बाजूला जातं आणि तोच डोंगर गडद आकृती होतो. गड स्पष्ट दिसायला हवा असे शॉट सकाळी, आणि एडका थकून थांबतो ते शॉट संध्याकाळी, असं वेळापत्रक मग आपोआप ठरतं.

मोसमही पाहावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात या अक्षांशावर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली नाहीशी होते. अशा उन्हात भुवयांखाली डोळे काळे दिसतात आणि मुखवट्यातला माणूस उकडून निघतो. डिसेंबरात सूर्य दुपारीही ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दिवसभर उजेड तिरका आणि कामाचा मिळतो. मात्र दिवस लहान असतो, हे लक्षात ठेवावं.

रस्त्याचंही पंचांग असतं. सुट्टीच्या दिवशी वेरूळकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. श्रावणात वेरूळचं घृष्णेश्वर मंदिर आणि खुलताबादचं भद्रा मारुती मंदिर या दोन्ही ठिकाणी गर्दी लोटते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर शहरातून हजारो लोक याच रस्त्यानं पायी खुलताबादला जातात. मोकळा रस्ता हवा असेल तर हे दिवस टाळावेत. जत्रेचंच दृश्य हवं असेल तर नेमका तोच दिवस धरावा, पण मुखवटा घालून भाविकांच्या वाटेत येऊ नये.

परवानग्या

प्रत्येक जागेचा मालक वेगळा असतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तिथं चित्रीकरणासाठी विभागाकडे आगाऊ अर्ज आणि शुल्क लागतं, आणि शुल्क दिवसाच्या हिशेबानं असतं. विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये ते बसत नसेल तर गड बाहेरून, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेतून दाखवावा. आपल्या गोष्टीत एडका गडाशी थांबतोच, त्यामुळे काही हरवत नाही. तोफेचा शॉट मात्र शुल्क परवडलं तरच ठेवायचा. मेंढी प्रक्षेत्रासाठी तिथल्या अधिकाऱ्यांना कॉलेजच्या पत्रासह लेखी विनंती करावी. खाजगी शेतासाठी शेतमालकाला भेटावं आणि पीक उभं असेल तर बांधावरूनच चालावं. छावणीचा परिसर लष्करी आहे, तिथं कॅमेरा काढूच नये.

ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल विभाग तपासावा लागतो. लष्करी भाग जवळ असताना आणि पुढं संरक्षित स्मारक असताना या गटानं ड्रोनचा विचार सोडला आणि उंचीवरच्या शॉटसाठी टेकाड शोधलं. गाणं वाजवण्यासाठीही मोठा लाउडस्पीकर नको, त्याला पोलीस परवानगी लागते. नाचणाऱ्याच्या जवळ ठेवलेला लहान स्पीकर पुरतो. चेहरा ओळखू येईल अशा माणसाची लेखी संमती घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती पालकांकडून घ्यावी.

दोन दिवसांचं वेळापत्रक

सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे अडीच तास, एवढाच उजेड मनासारखा मिळतो. म्हणजे दिवसाला ३३० मिनिटं. कॅमेरा एका जागी मांडून शॉट घ्यायला पंधरा मिनिटं धरली तर दिवसाला २२ मांडण्या होतात, दोन दिवसांत ४४. साठ ओळींचा तक्ता या ४४ मांडण्यांत बसवायचा, हे खरं नियोजन. एकाच मांडणीतून निघणाऱ्या ओळी एकत्र कराव्यात, मग त्या गाण्यात कितीही दूर असोत. ज्यांच्याशिवाय व्हिडिओ उभाच राहणार नाही असे दहा शॉट तांबड्या शाईनं लिहावेत आणि ते पहिल्या दिवशी उरकावेत.

कामं नावानिशी वाटावीत. एक जण दिग्दर्शन बघेल, एक कॅमेरा, एक जण फक्त गाणं वाजवेल आणि टाळी देईल, एक जण मुखवटा, कपडे आणि सातत्य बघेल, एक जण पाणी, जेवण, वाहन आणि लोकांशी बोलणं सांभाळेल. रस्त्याच्या कडेला शूटिंग असताना एकाचं काम फक्त वाहनांवर लक्ष ठेवण्याचं. प्रत्येक शॉटला कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवावा, तो अंतिम व्हिडिओत वापरायचा नसला तरी. एडिटिंगला बसल्यावर गाणं त्या आवाजाशीच जुळवता येतं. रात्री घरी गेल्यावर सगळं फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नये.

बजेटमध्ये प्रवास, जेवण, कागद-तार-रंग, जादा बॅटरी, कार्ड आणि शुल्क यांच्या रकमा मांडून वर काही रक्कम राखीव ठेवावी. पाऊस, बंद पडलेली गाडी किंवा फाटलेला मुखवटा यांपैकी काहीतरी येतंच.

शेवटी तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत: हा शॉट याच गाण्यात का, आणि याच जागी का? ज्या ओळीला उत्तर नाही ती खोडावी. पैठणच्या मुलांचं, अंबाजोगाईच्या मुलांचं, गंगाखेडच्या मुलांचं गाणं वेगळं असेल, रस्ता वेगळा असेल, पण हे दोन प्रश्न तेच राहतील. वहीतल्या साठही ओळींना उत्तर मिळालं, परवानगीचे कागद फाइलला लागले, की मगच शूटिंगची तारीख ठरवावी.